न दचकणारी मुलगी

आई मंगळवारी सकाळी गेली. पुढच्या बुधवारी माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. गुरुवारी दुपारी दवाखान्यात तिचे कान तपासले आणि कागदावर दोन्ही कानांपुढे ‘रेफर’ असं छापून आलं.

तो गुरुवार आईचा दहावा दिवस होता. भाऊ सकाळी नदीवरच्या ग्वारीघाटावर विधी उरकून सरळ दवाखान्यात आला होता. मुंडण ताजं होतं. पंख्याखाली उभा राहून तो पुन्हा पुन्हा डोक्यावरून हात फिरवत होता. मला बघताच त्याने कागद पुढे केला.

“ताई, वाच बरं. काय लिहून राहिले हे?”

आमच्या घरात कुठलाही छापील कागद शेवटी माझ्या हातात येतो. मी राइट टाउनमधल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे, म्हणून औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही मलाच समजली पाहिजेत असं सगळे धरून चालतात. मी कागद दोनदा वाचला. बाळाच्या कानात बारीकशी नळी घालून आवाज सोडतात आणि आतून उत्तर येतं का ते मशीन बघतं. उत्तर आलं नव्हतं, म्हणून ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासा.

“घबराइए मत,” तपासणारी मुलगी म्हणाली, “कई बार कान में पानी रह जाता है. छह हफ्ते बाद टीके के लिए आएँगे न, तब फिर देख लेंगे.”

भाऊ मान हलवत राहिला. मग आम्ही दोघं कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. त्याने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. मग हळूच म्हणाला, “आईकडून तर नसेल ना आलं?”

मीही तेच मनात म्हणत होते, हे मी त्याला सांगितलं नाही.

आईला शेवटची सहा-सात वर्षं कमी ऐकू येत असे. वडील गेल्यावर ती माझ्याकडे राइट टाउनला राहायला आली, तेव्हा नुसती टीव्हीचा आवाज वाढवायची. मग फोन घेईनाशी झाली. कानाचं मशीन घेतलं, ते तिला टोचायचं. ती डबीत ठेवून द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. शाळेतून थकून आले की मी काहीतरी बोलायचे, ती “काय म्हणालीस?” विचारायची, मी पुन्हा सांगायचे, ती पुन्हा विचारायची, आणि तिसऱ्यांदा मी म्हणायचे, “काही नाही.” हे मी किती वेळा म्हटलं असेल? ती मग “बरं” म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची. ज्या माणसाशी बोलायला मोठ्याने बोलावं लागतं त्याच्याशी माणूस फक्त कामाचं बोलतो. मी तसंच केलं. वाईट वागले असं कोणी म्हणणार नाही. पण माझं मला माहीत आहे.

भावजयीच्या माहेरी बाळंतपण करणारं कोणी नव्हतं. आई खमरियाला भावाच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये जाऊन ते करणार होती. डिंक, खारका, जुन्या मऊ साड्यांचे तुकडे, सगळं तिने पिशवीत भरून ठेवलं होतं. ती पिशवी घेऊन मी गेले. शाळेतून दीड महिन्याची रजा काढली. बाळाबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं पुस्तकातलं होतं.

सुदैवाने शेजारच्या क्वार्टरमध्ये चाची होती. तिच्या नवऱ्याची नोकरी भावाच्याच फॅक्टरीत. तिने स्वतःची चार आणि बाकीच्या गल्लीची कितीतरी मुलं मालिश करून मोठी केली होती. पहिल्या दिवशी मी बाळाला कशी धरते ते बघून तिने कपाळावर हात मारला.

“अरे दीदी, ये किताब नहीं है. किताब गिरती है तो उठा लेते हैं.”

ती रोज साडेनऊला यायची, पाय पसरून बसायची, पायांवर बाळाला पालथी घालायची आणि बोलायला सुरुवात करायची. “काय बिन्नू, रात को सोई कि मम्मी को जगाया? बाप तुम्हारा टकला हो गया, देखा?” बिन्नू म्हणजे आमच्याकडे लाडाने मुलगी. तेल जिरेपर्यंत तिचं तोंड थांबायचं नाही. चाचीला आम्ही कानांचं सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. गल्लीत एकाला सांगितलं की संध्याकाळच्या शिफ्टपर्यंत फॅक्टरीला कळतं.

मी दवाखान्याने सांगितलेल्या सहा आठवड्यांची वाट बघितली नाही. शाळेच्या ग्रंथालयातली एक आडवी वही माझ्याकडे होती. तिच्यात रकाने आखले. तारीख, आवाज, किती हातांवरून, बाळ जागं की झोपलेलं, काय केलं. स्टीलचं ताट, चार हात, झोपलेली, काही नाही. देवघरातली घंटा, तीन हात, जागी, पाय हलवले. टाळी, दोन हात, जागी, डोळे मिटले. या शेवटच्या नोंदीपुढे मी कंसात लिहिलं होतं, ‘वारा लागला असेल’. कारण टाळीची हवा चेहऱ्याला लागून बाळ डोळे मिटतं आणि माणसं फसतात, असं मी वाचलं होतं.

आवाजाने दचकणं हे बाळाचं अगदी पहिलं काम. हात एकदम बाहेर फेकले जातात, बोटं पसरतात, मग हात परत जवळ येतात. पुस्तकात चित्र होतं. मी ते चित्र शोधत होते. पण आमची मुलगी कधी थोडी हलायची, कधी मुळीच नाही, आणि दूध पिताना तर कुकरची शिट्टी झाली तरी तिचा तोंडाचा ताल चुकत नसे. पंधरा दिवसांत वहीची पाच पानं भरली आणि मला काहीच कळलं नाही.

मग टेस्टिंगचा दिवस आला.

खमरियात राहणाऱ्याला टेस्टिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना सांगते. फॅक्टरीत दारूगोळा तयार होतो आणि तो रेंजवर वाजवून तपासतात. कधी आठवडा-आठवडा काही नसतं, कधी सकाळपासून सुरू. आवाज आधी पायांना कळतो, मग कपाटाच्या काचा थरथरतात. बाहेरचा पाहुणा असेल तर तो उठून उभाच राहतो आणि आम्ही म्हणतो, “काही नाही, टेस्टिंग आहे, चहा घ्या.” मी आणि भाऊ याच आवाजात लहानाचे मोठे झालो.

त्या दिवशी बाळ माझ्या मांडीवर होतं, अर्धवट जागं. भावाची सुट्टी होती, तो दारात बसून बूट पुसत होता. पहिला आवाज झाला. काचा वाजल्या. मी बाळाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती, बघतच राहिली. दुसरा झाला, तिसरा झाला. पापणीसुद्धा हलली नाही. भाऊ बूट हातात घेऊन उभा राहिला होता. भावजय स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

नेमकी तेव्हाच चाची तेलाची वाटी न्यायला आली. “देखो तो! इतना बड़ा धमाका और बिन्नू टस से मस नहीं! फौज में जाएगी ये.” ती हसत हसत वाटी घेऊन गेली.

भावाने बूट खाली ठेवले. पुसलेलाच बूट त्याने पुन्हा पुसायला घेतला. मी वहीत लिहिलं, ‘टेस्टिंग, तीन वेळा, जागी, काही नाही’. त्याखाली रेघ मारली.

त्या दिवसापासून आम्ही तिघांनी, एकमेकांना न सांगता, ठरवून टाकलं की तिला ऐकू येत नाही. सहाव्या आठवड्यात लस टोचल्यावर ती इतकी रडली, वर सर्दी, की मशीनला काही मोजताच आलं नाही. तिथल्या मुलीने सांगितलं, आता तीन महिन्यांची झाली की मोठी तपासणीच करा. बेरा म्हणतात तिला. बाळाला झोपवून, डोक्याला तारा लावून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. आम्ही तारीख घेऊन आलो. त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा हसली, खरं हसली, माझ्या तोंडाकडे बघून. कुठल्याही घरात हा दिवस साजरा होतो. माझ्या मनात आलं, तोंड बघून हसली, आवाजाला नाही.

रजा संपल्यावर मी शाळा सुटली की स्कूटरने खमरियाला जायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. बारसं राहिलंच होतं. नाव ठरलेलं होतं, पण आमच्यात ते आत्याने बाळाच्या कानात सांगायचं असतं. मी आधी म्हटलं तेरावा होऊ दे, मग म्हटलं महिना होऊ दे, मग म्हटलं वर्षाचं दुःख आहे, एवढी काय घाई.

एके दिवशी भावजय बाळाचे कपडे घड्या करत होती. ती बोलायला शांत आहे. मान वर न करता म्हणाली, “ताई, एक विचारू? राग नका मानू.”

“विचार ना.”

“तुम्ही हिच्याशी बोलत काहून नाही?”

मी हातातली वही बाजूला ठेवली.

“आल्या की आधी ताट वाजवता, मग वहीत लिहिता. हे पण तसेच. बोटं हलवून दाखवतात फक्त. नसेल येत ऐकू, तर नसेल. तोंड तर दिसते ना तिला? आपण बोलून राहिलो हे तर दिसते?” तिने एक झबलं दोनदा घडी केलं. “अन् नावाचं पण तेच आहे. दुःखाचं निमित्त नका सांगू मला. कानात सांगायचं म्हणून तुम्ही अडून राहिल्या.”

ती म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं. आईशी जे सहा वर्षांत केलं ते मी या मुलीशी दोन महिन्यांत करून बसले होते.

“तपासणी होऊ दे,” मी एवढंच म्हणाले.

“होऊ द्या,” ती म्हणाली, आणि रडली नाही. मला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

तपासणीच्या दिवशी बाळाला पहाटेपासून जागं ठेवायचं होतं, म्हणजे तिथे गेल्यावर ती झोपेल. जागं ठेवलं. पण ऑटो खमरियाच्या गेटबाहेर पडली आणि खड्ड्यांच्या झोक्यावर तिचे डोळे मिटायला लागले. भाऊ ओल्या रुमालाने तिचे तळपाय पुसत होता, भावजय गालाला हात लावत होती, मी तिच्यासमोर किल्ल्या हलवत होते.

“भैया, जरा धीरे,” भावाने ऑटोवाल्याला सांगितलं.

“धीरे चलाऊँगा तो और सोएगी,” तो म्हणाला. “तेज चलाऊँ?”

“नहीं नहीं!” आम्ही तिघं एकदम ओरडलो. नंतर दवाखान्यात पोचेपर्यंत तो आरशात बघून हसत होता.

आणि तिथे पोचल्यावर तिला टक्क जाग आली. अंधाऱ्या, गार खोलीत भावजय तिला मांडीवर घेऊन बसली, ती पंख्याकडे बघत बसली. तपासणारी बाई तरुण होती, घाईत नव्हती. म्हणाली, तोवर मला सगळं सांगा. मी वही काढली.

मी एकेक ओळ हिंदीत वाचून दाखवायला लागले. ताट, घंटा, टाळी. ती ऐकत होती, मधून मधून “अच्छा” म्हणत होती. मी रेघ मारलेल्या ओळीपाशी आले. टेस्टिंग, तीन वेळा, जागी, काही नाही.

“कौन सी टेस्टिंग?”

भावाने सांगितलं.

“आप लोग खमरिया में रहते हैं?” तिने भावजयीकडे बघितलं. “प्रेग्नेंसी में भी वहीं थीं? पूरे समय?”

“हाँ जी.”

“और जब वो धमाका होता है, तब आप चौंकती हैं?”

भावजय भावाकडे बघायला लागली. भाऊ माझ्याकडे. मी वहीकडे. त्या दिवशी तीन आवाज झाले तेव्हा मी काय केलं होतं? बाळाकडे बघत बसले होते. चहाचा कप माझ्या दुसऱ्या हातात होता आणि त्यातला थेंबही सांडला नव्हता.

“नहीं,” भाऊ म्हणाला. “अब तो... पता भी नहीं चलता.”

“तो बिटिया क्यों चौंके?” ती हसली. “पेट में थी तब से सुन रही है. उसके लिए तो घर की आवाज़ है. पूरी कॉलोनी जिस आवाज़ पर सिर नहीं उठाती, उसी से आपने बच्ची का कान जाँच लिया!”

मला इतकी लाज वाटली की मी वही मिटली. पण ती लगेच गंभीर झाली. “ये मैं बस समझा रही हूँ. टेस्ट तो होगा. अंदाज़ से नहीं छोड़ेंगे.”

मुलगी पाऊण तासाने झोपली. कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या, कानात बारीक नळ्या घातल्या. स्क्रीनवर एक रेघ होती, वेडीवाकडी, माझ्या दृष्टीने निरर्थक. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे. श्वास मोठ्याने घ्यायचीही भीती. आवाज आम्हाला ऐकू येत नव्हता, तो फक्त तिच्यासाठी होता. हळूहळू त्या रेघेवर उंचवटे आले. बाईने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, “ये पाँचवी लहर. यही देखनी थी.” तिने आवाज कमी केला, उंचवटा होता. अजून कमी केला, होता. मग दुसरा कान. तिथेही होता, तितकाच.

“दोनों कान बढ़िया हैं. पहली बार कान में पानी ही रहा होगा. ले जाइए घर.”

मी आईचं विचारलं. आईला कमी ऐकू यायचं, कितव्या वर्षापासून, सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हातारपणी ऐकू कमी येणं वेगळं, त्याचा या मुलीशी काही संबंध नाही.

बाहेर आल्यावर भाऊ बराच वेळ कुठे दिसेना. मग दवाखान्यासमोरच्या हलवायाकडे सापडला, हातात खोव्याच्या जिलबीचा द्रोण. आमच्या घरी वर्षभर गोड करायचं नव्हतं. “घरी केलं नाही, रस्त्यावर उभं राहून खाल्लं, तर चालते,” असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. तोंड भरलेलं होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. “खा ना, ताई. गरम आहे.” मी दोन खाल्ल्या. भावजयीने चार. परत येताना ऑटोत ती बाळाशी जी बोलायला लागली ती खमरियापर्यंत थांबली नाही. हे झाड, हा पूल, ही म्हैस, हा तुझा बाप, जिलबी सांडवून शर्ट खराब केला बघ. बाळ गाढ झोपलं होतं.

पुढच्याच रविवारी बारसं केलं. पाच-सहा बायका, साधा चहा-चिवडा, चाचीकडून आणलेला पाळणा. मी वाकून तिच्या कानात आधी ‘कुर्रर्र’ केलं आणि मग नाव सांगितलं. तिने मान वळवली आणि माझं नाक तोंडात धरलं.

आमच्यात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका लटके बुक्के मारतात. चाचीला ही रीत नवीन होती. तिला ती फार आवडली. तिने मारलेला बुक्का मात्र लटका नव्हता. तिला आदल्याच दिवशी भावजयीने सगळं सांगितलं होतं.

“ये नाम का,” ती म्हणाली. आणि मग आणखी एक मारला. “और ये हमसे छुपाने का! तीन महीने! अरे हमसे पूछ लेतीं. हम रोज़ सुबह बिन्नू से पूछते थे कि रात कैसी कटी, और वो आँख घुमा के, होंठ गोल करके जवाब देती थी. बहरी बच्ची पीछे से बोलने वाले को ढूँढती है कहीं? आप पढ़े-लिखे लोग, थाली पीटते रह गए!”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पाठ दोन दिवस दुखत होती, आणि मला ते दुखणं बरं वाटत होतं.

त्यानंतरचे महिने मी कुठल्याही वहीत लिहिले नाहीत, त्यामुळे ते मला नीट क्रमाने आठवत नाहीत. ती पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा आम्ही तिघंही खोलीत होतो आणि तिघंही दुसरीकडे बघत होतो. वळून बघितलं तर ती पोटावर, मान वर, आमच्याइतकीच चकित. परत सुलटं होता येत नाही हे कळल्यावर तिने जो आवाज काढला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. उष्टावणाला तिचा मामा आला, त्याने मऊ भात भरवला, तिने तो त्याच्या चष्म्यावर परत केला. पहिला दात मला आधी कळला, कारण माझं बोट तिच्या तोंडात होतं. रांगायला लागली ती उलटी. पुढचं खेळणं धरायला जायची आणि मागे मागे सरकत दिवाणाखाली पोचायची. खेळण्यापासून आपण लांब का चाललो, हे तिला समजत नसे.

पुस्तकांत या सगळ्याचे महिने दिलेले असतात. तिचं काही लवकर झालं, काही उशिरा. मी बघितलं नाही.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की कॉलनीच्या रस्त्यावर शेकडो दुचाक्या एकदम येतात. सगळ्यांचा मिळून एकच घरघराट होतो. नवव्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की त्या घरघराटात मधेच कधीतरी ती हातातलं टाकते आणि दाराकडे बघते, आणि त्यानंतर थोड्या वेळाने भाऊ आत येतो. मला त्याची गाडी ओळखू येत नाही. भावजयीलाही नाही. आम्ही दोघी आता घड्याळ बघत नाही. ती वळली की भावजय चहाचं आधण ठेवते.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही.

भीती होती तोवर मी आईसाठी रडले नव्हते. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. कागद, तारखा, तपासण्या, सतत काहीतरी हातात होतं. भीती गेली आणि हात रिकामे झाले. बाळाच्या पाचव्या महिन्यात एका रविवारी भाऊ आणि भावजय बाळाला घेऊन माझ्याकडे राइट टाउनला आले होते. आईचं कपाट आवरायचं होतं. ते दोघं बाजारात गेले, बाळ माझ्यापाशी. मी जमिनीवर बसून साड्या काढत होते. त्यांच्या खाली, मला शाळेत असताना मिळालेलं बक्षिसाचं पुस्तक आईने ठेवलेलं होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. कव्हर अलीकडचं होतं. म्हणजे तिने ते जुनं झालेलं बदललं होतं, माझ्या घरात राहत असताना, मला न सांगता. किंवा सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल.

मला एकदम रडू फुटलं. मोठ्याने. मी तसा आवाज कधी काढला नव्हता, माझा मलाच तो परका वाटला.

आणि बाळ दचकलं. टेस्टिंगला पापणी न हलवणारी मुलगी. दोन्ही हात बाहेर फेकले, बोटं पसरली, खालचा ओठ थरथरला आणि तीही रडायला लागली, माझ्यापेक्षा मोठ्याने. मी तिला उचलून घेतलं. “काय झालं? काय झालं ग? आत्या आहे. आत्या रडते आहे. आजीची आठवण आली आत्याला.” हे मी तिला सांगत राहिले, पुन्हा पुन्हा. आईबद्दल मी कोणाशी पहिल्यांदा बोलले असेन तर ते तिच्याशी. ती हुंदके देत ऐकत होती. मग हळूहळू दोघींचं थांबलं. बाजारातून परतलेल्या भावाने आमची तोंडं बघितली. पिशव्या ठेवून तो कपाटातल्या साड्या घडी करायला बसला, घड्या सगळ्या चुकीच्या.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर काही दिवसांनी तिचा पहिला वाढदिवस झाला. त्या दिवशी घरी गोड केलं, चाचीने खीर आणली ती वेगळी. टेस्टिंग चालू होतं. कोणी मान वर केली नाही.

आता ती चौदा महिन्यांची आहे. भिंतीला धरून चालते, कधी सोडूनही. सात-आठ शब्द बोलते, काही मराठी, बरेचसे चाचीचे. शनिवारी दुपारी मी खमरियाला जाते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. आई नाही. मुलीला ऐकू येतं.